चौथा बोल्ट

मी एक जुना, डोकं झिजून गोल झालेला चाकाचा बोल्ट आहे. विसरवाडीच्या चौफुलीजवळ एका गॅरेजबाहेर भंगाराचा डबा ठेवलाय, त्यात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, तुम्ही गाडीत बसता तेव्हा रंग बघता, काचा बघता, गाणी लागतात का ते बघता. चाक कोणाच्या जिवावर फिरतंय हे वाकून बघितलंय कधी? नाही ना? मग आज जरा ऐकून घ्या.

पुण्याकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मला तापवलं, ठोकलं आणि अंगावर गोल गोल आटे पाडले. आटे म्हणजे आमचे दातच समजा. त्यांच्या जोरावर आम्ही चाकातून आत शिरतो आणि घट्ट धरून बसतो. एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकात आम्ही चार भाऊ होतो. गाडी नंदुरबारच्या प्रतिभाबाईंची. बाई शाळेत शिकवायच्या, आणि चाक उघडलं की स्वतः उन्हात उभ्या राहायच्या. बोल्ट जमिनीवर टाकू द्यायच्या नाहीत, फडक्यावर ठेवायला लावायच्या. गॅरेजवाले मागून हसायचे. ते दिवस सुखाचे होते, हे मला आता कळतं.

पुढे ती गाडी स्टीफनने घेतली. स्टीफन आणि त्याची बायको एस्तेर नवापूरकडच्या डोंगरातले, पण कामासाठी नंदुरबारला राहायचे. मिरची वाळवायच्या पथारीवर दोघंही राबायचे. सुट्टी मिळाली की गाडी गावाकडे निघायची, कारण तिथे एस्तेरचे वडील दलपतबाबा होते. आम्ही पोचलो की बाबा गाडीभोवती एक चक्कर मारायचे, चाकावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, चाक पक्कं आहे. उभ्या आयुष्यात आम्हाला मिळालेली शाबासकी तेवढीच.

गेल्या दिवाळीनंतर स्टीफन टायर बदलायला या गॅरेजात आला. मालकाचं नाव लखन. त्याने बोल्ट फिरवायची हवेवरची गन नवीनच आणली होती, आणि तिच्या आवाजाने ट्रकवाले माना वळवतात याचा त्याला कोण अभिमान! त्याने आम्हाला काढलं आणि धुळीत भिरकावलं. आता बघा, बोल्ट बसवताना आधी दोन बोटांनी फिरवायचा असतो. सरळ असेल तर तो आपोआप आत जातो, तिरका असेल तर तिथेच अडतो आणि सांगतो, बाबा रे, चुकलास. पण लखनला कुठली फुरसत! मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी तिरका असतानाच त्याने गन लावली. टर्रर्र! माझे आटे चिरडले, त्यात रेती घुसली, आणि मी होतो तिथेच रुतलो. त्याला वाटलं, झकास बसला. वर पान्याला लांब पाइप लावून त्याच्यावर उभाही राहिला.

"एकदम टाईट शे भाऊ," तो म्हणाला. "आते हाऊ हालाव नही."

आता हा हलणार नाही, हे ऐकून स्टीफन खूश झाला. घाटातून जाणाऱ्या माणसाला घट्ट म्हटलं की बरं वाटतं. तुम्हा माणसांची हीच तर खोड. घट्ट बसलं म्हणजे नीट बसलं, असं तुम्ही धरून चालता.

मे महिन्यात एका सकाळी एस्तेरचा भाऊ जोएल याचा फोन आला. दलपतबाबा पहाटे गेले होते. गावात बर्फाची सोय नव्हती आणि ऊन नुसतं भाजत होतं, त्यामुळे दुपारच्या आत माती द्यावी लागणार होती. एस्तेरने एकच मागणं मागितलं. मी येईपर्यंत थांबा, मला बाबांचं तोंड बघू द्या. तिने एक नवा पांढरा कपडा बरोबर घेतला. लेकीने आणलेला कपडा बापाच्या अंगावर घालायचा, मगच त्याला मातीआड करायचं, अशी त्यांच्या घरातली रीत होती.

खांडबारा मागे पडलं आणि आमचं चाक पंक्चर झालं.

स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. माझे तिघे भाऊ निघाले. मी निघेना. स्टीफन पान्यावर उभा राहिला, नाचला, शेवटी देवाचं नाव घेऊ लागला. माझ्या डोक्याचे कोपरे गेले आणि पाना नुसता घसरू लागला. मला काय तिथे राहायची हौस होती? पण लखनने माझी वाटच बंद करून टाकली होती.

तेवढ्यात विसरवाडीकडे जाणारी काळीपिवळी जीप थांबली. आत एकाच माणसाची जागा होती. एस्तेर कपडा छातीशी धरून तिकडे निघाली.

"थांब ना," घामाने निथळणारा स्टीफन म्हणाला. "एकच तर राहिलाय."

तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि जीप जाऊ दिली.

लग्नाची तिथी होती. नंतरच्या सगळ्या गाड्या खच्चून भरलेल्या. शेवटी खांडबाऱ्याचा पंक्चरवाला आला. त्याने माझ्या डोक्यावर लहान मापाचा सॉकेट, म्हणजे टोपीसारखा पाना, ठोकून बसवला आणि मला पिळून बाहेर काढलं. स्टीफनने मला शर्टाच्या खिशात टाकलं आणि तीन बोल्टांवर गाडी हाणली.

गावाबाहेर माणसं फावडी घेऊन परतत होती. जोएल पुढे आला. "ताई, खूप वाट पाहिली गं," तो म्हणाला. "ऊन थांबू देईना." एस्तेरने मातीच्या ढिगावरच तो कपडा पसरला. वारा तो सारखा उचलायचा, म्हणून जोएलने कडेला दगड ठेवले. स्टीफन जवळ गेला, तशी ती उठून जोएलच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

परत येताना स्टीफनने मला लखनपुढे धरलं आणि विचारलं, हा असा कसा बसवला? लखनने मला बोटांत फिरवून बघितलं.

"बोल्टच जुना व्हता भाऊ. लोखंडमा दम नही."

आणि फेकलं मला या डब्यात. चोर सोडून संन्याशाला फाशी! इतकी वर्षं घाट चढलो, उतरलो, एकदाही चाक सोडलं नाही, आणि दम नाही म्हणे माझ्यात! गाडीत बसलेल्या एस्तेरने सगळं ऐकलं आणि काच वर केली.

आताही गॅरेजात एक गाडी उभी आहे. तिचे बोल्ट धुळीत पडलेत. गाडीचा मालक लांब उभा राहून फोनवर कुणाला तरी सांगतोय, निघालोच, पोचतो. मित्रांनो, गाडी तुमच्या घरची असेल तेव्हा असे लांब उभे राहू नका. जवळ जा, वाका, आणि गन लागायच्या आत म्हणा, आधी हाताने फिरवा. लखन हसेल. हसू द्या. पुढे कुठेतरी कुणीतरी माती द्यायची थांबवून तुमची वाट बघत असतं, आणि ऊन काही थांबत नाही.