आबांची नव्हे, सरोजिनीची

१९७६ च्या दिवाळीत मला अमरावतीत रीतसर विकत घेतले गेले. पुढच्याच वर्षी अकोल्यात, न विकता आणि कोणालाही न विचारता, मी दुसऱ्याची झाले. मित्रांनो, मी एक रेकॉर्ड आहे, जुनी, काळी, थोडी वाकडी झालेली. गेली सत्तेचाळीस वर्षे माझ्याबद्दल जे सांगितले गेले ते खोटे होते, आणि सुई टेकल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही, म्हणून मी ते ऐकून घेतले. आज मात्र सगळे सांगणार आहे.

माझे गाणे स्वीडनचे. दोन बायका आणि दोन पुरुष मिळून गात असत. पुढे ते जगभर गाजले, आणि आता लोकांना त्यांची नंतरची गाणीच तेवढी ठाऊक असतात. मी सुरुवातीच्या रेकॉर्डांपैकी, तिसरी. मुंबईच्या कारखान्यात एक गरम काळा गोळा दोन साच्यांमध्ये दाबला, आणि मी तयार झाले. पापड लाटायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच माझ्या जन्माला लागला. माझ्या वेष्टनावर इंग्रजीत चार अक्षरे छापली होती. ए, बी, बी, ए. चौघांच्या नावांची ती पहिली अक्षरे. या चार अक्षरांनीच पुढे माझा घात केला.

अमरावतीच्या राजकमल चौकात किसनरावांचे दुकान होते. तिथे सरोजिनी आली. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, गार्डाची मुलगी. शेजारच्या घरात इंग्रजी गाणी वाजत, ती कुंपणाला टेकून ऐकत असे. आता ती मुलींच्या शाळेत गणित शिकवीत होती आणि पहिला पगार तिच्या पर्समध्ये होता.

"ताई, हे विलायती हाय," किसनराव म्हणाले. "घरी चालन का? नंतर वापस घ्या म्हनाल."

"घरी मीच ऐकणार आहे."

"मग घ्या. पन धरतांनी कडेनं धरा. पोटाले हात नाही लावायचा. बोटाचं तेल लागलं का आवाज बसते तिचा."

सरोजिनीने मला तळहातांच्या मध्ये, फक्त कडांना धरले. मित्रांनो, तेव्हापासून आजवर तिने माझ्या पोटाला बोट लावलेले नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पुढच्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. अकोल्याचे घर वकिलांचे. सासरे मोठे वकील, त्यांना घरात आणि गावात सगळे आबा म्हणत. नवरा वसंत, तोही वकील. सासूबाई सत्यवतीबाई. सरोजिनीची ट्रंक बैठकीत उघडली गेली, आणि साड्यांच्या घड्यांमधून मी बाहेर आले. आबांनी चष्मा लावला आणि माझ्यावरची अक्षरे वाचली.

"ए, बी, बी, ए. आब्बा. म्हणजे आबा. सूनबाई, माझ्या नावाची रेकॉर्ड आणलीत होय? छापखान्याने एक 'बी' जास्त घातलाय. चालेल, चालेल."

सगळे हसले. वसंत सर्वांत मोठ्याने हसला. सरोजिनीही हसली, कारण नव्या सुनेने हसायचेच असते. आबांनी बैठकीतले काचेचे कपाट उघडले आणि त्यांच्या भजनांच्या आणि नाट्यगीतांच्या रेकॉर्डांमध्ये मला उभे करून ठेवले. कपाटाला कुलूप लावले. एका विनोदावर माझी मालकी बदलली.

दोन दिवसांनी सरोजिनीने सासूबाईंना विचारले, "आई, ती रेकॉर्ड माझ्या खोलीत ठेवू का?"

"अगं, इथे काय नि तिथे काय. घरात आलेलं सगळं आपलंच," सत्यवतीबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मला या 'आपलंच' शब्दाचा राग येतो. आबांच्या पेनाला कोणी आपलंच म्हणत नसे. आबांची खुर्ची आबांचीच असे. सुनेची वस्तू तेवढी आपली होते, आणि आपली झाली की पाहता पाहता आबांची होते. घरी येणाऱ्या अशिलांना आबा मला काचेतून दाखवीत. "विलायतेत आमच्या नावाची रेकॉर्ड निघते," असे सांगत. बाहेर काढून मात्र त्यांनी मला कधीही लावले नाही. एकदाही नाही.

लावले ते सत्यवतीबाईंनी. 'आपलंच' म्हणून गेल्या खऱ्या, पण तो शब्द त्यांनाही टोचला असावा. महिनाभराने, आबा कोर्टात गेल्यावर, त्यांनी कंबरेच्या जुडग्यातली किल्ली काढून कपाट उघडले. "लाव बघू," त्या सरोजिनीला म्हणाल्या. "काय म्हणतात त्या तुझ्या बायका, ऐकू दे."

त्या दुपारपासून माझे खरे आयुष्य सुरू झाले. सरोजिनीच्या अकोल्यातल्या शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी बैठकीतला रेकॉर्ड लावायचा मोठा रेडिओग्राम उघडायचा, आवाज अगदी बारीक ठेवायचा. सत्यवतीबाई जमिनीवर बसून गहू निवडायच्या. भांडी घासायला येणारी पार्बताबाई दाराच्या चौकटीला टेकून, ओले हात पदराला पुसत ऐकायची.

"काहून रडून राहिल्या वं बाई ह्या?" तिने पहिल्या दिवशी विचारले.

"रडत नाहीत, गातात."

"गाते असं तोंड दाबल्यावानी?" मग ती गाणे संपल्यावर म्हणाली, "दोघी हायेत ना? एकीचा आवाज कुठी सरते अन् दुसरीचा कुठी लागते, समजूनच नाही राहिलं. जात्यावर दोघीजनी बसल्या का असंच होते. खुंटा दोघीच्या हातात, पीठ एकच."

माझ्याबद्दल पुढे पुष्कळ मोठमोठे बोलले गेले, पण पार्बताबाईइतके नेमके कोणी बोलले नाही. आणि जात्यासारखी गोल तर मीही फिरत होतेच.

एकदा सरोजिनीने वर्तमानपत्रात वाचले की स्वीडनमध्ये याच नावाची मासे डबाबंद करणारी एक कंपनी आहे. सत्यवतीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "आबांना सांगू नकोस हं. अशिलांना दाखवतात काचेतून."

ठेच लागली ती १९७९ च्या पावसाळ्यात. एक जुने वकील वारले, कोर्टात शोकसभा झाली आणि काम दोन वाजताच थांबले. मी फिरत होते. सत्यवतीबाईंचे लाडके गाणे लागले होते. अंगणातून पार्बताबाई ओरडली, "सायेब आले वं बाई, सायेब आले." सरोजिनीने घाईत सुई उचलली. हात निसटला, आणि सुई माझ्या अंगावरून करकरत गेली. आबा दारात चपला काढेपर्यंत मी कपाटात होते आणि सत्यवतीबाई गहू निवडत होत्या.

"कसला आवाज झाला?" आबांनी विचारले.

"पार्बतीने कढई टाकली," सत्यवतीबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या गाण्यात सुई एका जागी अडखळते, एक ओळ गिळते आणि पुढच्या ओळीवर जाऊन पडते. सरोजिनीला फार वाईट वाटले. पण सत्यवतीबाईंनी त्या जागेला नाव दिले, ठेच. गाणे तिथे पोचायच्या आत तिघींपैकी कोणीतरी "ठेच" म्हणायचे, मग मी उडी मारायची आणि तिघी हसायच्या. अकोल्याचा मे महिना आला की मी उन्हाने वाकू नये म्हणून सत्यवतीबाई मला कपाटातून काढून गव्हाच्या कोठीवर आडवी ठेवीत आणि वर पाट ठेवीत. असे मला कोणी जपले नाही.

१९९४ मध्ये आबा गेले. रेडिओग्राम भंगारात गेला. २००३ मध्ये सत्यवतीबाई गेल्या आणि कोठीवर ठेवणारे कोणी उरले नाही. कपाटाची काच रोज पुसली जायची, आतल्या आम्ही मात्र धुळीने भरून गेलो. दर उन्हाळ्यात मी थोडी थोडी वाकत गेले.

मग आले २०२४, आबांचे जन्मशताब्दी वर्ष. सरोजिनीचा मुलगा केदार, तोही वकील, त्याने सभागृह घेतले. आबांचा काळा कोट, चष्मा, पेन आणि मी, असे प्रदर्शन मांडायचे ठरले. समारंभानंतर या सगळ्या वस्तू कायमच्या वकिलांच्या ग्रंथालयाला द्यायच्या होत्या, बंद काचपेटीत. तिथून कोणी मला पुन्हा बाहेर काढणार नव्हते.

"केदार, ती रेकॉर्ड माझी आहे रे," आदल्या दिवशी सरोजिनी म्हणाली. ती आता सत्तरीत होती.

केदार कार्डांवर नावे लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "आई, सगळं आपलंच आहे ना."

माझ्या शेजारी कार्ड लागले, 'आबांच्या वैयक्तिक संग्रहातून. पाश्चात्त्य संगीताचीही त्यांना ओढ होती.' एक निवृत्त न्यायाधीश नागपूरहून आले होते. ते भाषणात म्हणाले, "त्या काळात, आपल्या वऱ्हाडात, एक वकील स्वीडनचे संगीत ऐकत होता. केवढी दृष्टी." टाळ्या पडल्या. मित्रांनो, ज्या माणसाने माझी एक ओळ ऐकली नाही त्याला माझ्यासाठी टाळ्या मिळाल्या, आणि जिने पहिल्या पगारातून मला आणले ती पहिल्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन बसली होती. मी लोखंडाची असते तर त्या दिवशी तापून लाल झाले असते.

केदारने नवा रेकॉर्ड प्लेअर आणला होता. "जिथल्या रेषा जास्त झिजल्यात, ते आबांचं आवडतं गाणं असणार," तो माइकवर म्हणाला आणि मला प्लेअरवर ठेवून त्याने आपल्या बारा वर्षांच्या मुलीला, मैथिलीला, सुई टेकवायला सांगितले. रेषा झिजल्या होत्या हे खरे. झिजवल्या होत्या सत्यवतीबाईंनी.

मी गाऊ लागले. तीस वर्षांनी गळा मोकळा झाला. एवढ्यात पहिल्या रांगेतून सरोजिनी साध्या आवाजात म्हणाली, "ठेच."

आणि मी उडी मारली.

काही लोक हसले. मैथिलीने मागे वळून पाहिले. "आजी, तू आधीच कसं बोललीस?"

"परत लाव," सरोजिनी म्हणाली.

मैथिलीने सुई मागे नेली. पुन्हा तीच ओळ जवळ आली. या वेळी सरोजिनीने तोंड उघडण्याआधीच शेवटच्या रांगेतून आवाज आला, "ठेच." ती पार्बताबाई होती. घरची जुनी कामवाली म्हणून सत्काराला बोलावलेली, मुलीचा हात धरून आलेली. तिची मुलगी रूपाली तिला खाली बसवू पाहत होती, पण ती बसेना.

"तुम्हाला काय ठाऊक, बाई?" न्यायाधीशांनी विचारले.

"मले नाही तं कोनाले? मीच तं बोंबलली होती, सायेब आले म्हनून. तवा ह्या बाईचा हात सुटला. अन् बुढीनं सायबाले सांगतलं, पार्बतीनं कढई टाकली. आजवर त्या कढईचं नाव माह्यावरच हाय."

"मग आबा कुठे होते?" मैथिलीने विचारले.

"आबा दारात चपला काढत होते," सरोजिनी म्हणाली आणि उठून उभी राहिली. "केदार, हे गाणं मी ऐकलं, तुझ्या आजीने ऐकलं आणि हिने ऐकलं. आबांनी नाही. कार्ड बदल, आणि माझी रेकॉर्ड मला दे."

"आई, आपण घरी बोलू."

"घरी सत्तेचाळीस वर्षं बोलले."

ती मंचावर आली. तिने सुई उचलली, या वेळी हळू. मग मला दोन तळहातांच्या मध्ये, फक्त कडांना धरून उचलले. केदारने सकाळी मला काचपेटीत ठेवताना ताटासारखे धरले होते, त्याच्या अंगठ्याचा ठसा माझ्या पोटावर होता. न्यायाधीशांनी तो ठसा पाहिला, तिचे हात पाहिले आणि म्हणाले, "केदार, याला आणखी पुरावा लागत नाही." भर सभेतून ती मला घेऊन घरी गेली.

मित्रांनो, तुमच्या घरात जुनी वस्तू असेल तर तिच्यावर कोणाचे नाव आहे एवढेच पाहू नका. ती कोणाच्या हातांनी आणली, कोणाच्या हातांनी झिजली, हे विचारा. उत्तर देणारी बाई अजून घरात असेल तर तिचे उत्तर हसण्यावारी नेऊ नका. आणि रेकॉर्ड असेल तर कडेने धरा, उन्हाळ्यात आडवी ठेवा.

किसनरावांच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरे मिळतात. वसंतराव हा समारंभ पाहायला नव्हते, ते सहा वर्षे आधीच गेले होते. न्यायाधीशांनी नागपूरहून सरोजिनीला दोन ओळींचे पत्र पाठवले. त्यात त्यांनी आपल्या भाषणाबद्दल माफी मागितली होती. केदार आठ दिवस आईशी बोलला नाही. नवव्या दिवशी तो ग्रंथालयात गेला आणि काचपेटीतल्या माझ्या रिकाम्या जागेवर त्याने नवे कार्ड ठेवले, 'येथे ठेवलेली रेकॉर्ड सरोजिनी यांची होती. आबांनी ती ऐकली नव्हती.' ते कार्ड अजून तिथे आहे. लोक रिकामी जागा वाचून पुढे जातात.

पार्बताबाई मागच्या श्रावणात हिवरखेडला, रूपालीच्या घरी वारली. सरोजिनी अकोल्यातच असते. प्लेअर तिच्या खोलीत आला आहे आणि मी तिच्या टेबलावर आडवी असते, माझ्यावर सत्यवतीबाईंचा पाट. रविवारी मैथिली मला लावते. ती जागा जवळ आली की तिघींचा शब्द आता ती एकटी म्हणते. सरोजिनी डोळे मिटून असते. पण तिचे ओठ हलतात.