पाण्याचं वजन

मित्रांनो, भाजी तोलणारे काटे तुम्ही पाहिले असतील. मी बाळं तोलत असे. मलावीतल्या एका डोंगरी मिशन इस्पितळात, आंब्याच्या फांदीला टांगलेला. पाठीला आकडा, खाली कापडी झोळी, तोंडावर एकच सुई. माझी स्प्रिंग कुठल्याशा कारखान्यात वळली गेली. पण मला खरं बोलायला शिकवलं ते नर्स नासिबेको यांनी. दर बुधवारी त्या आधी रिकामी झोळी अडकवत आणि स्क्रू पिळून मला शून्यावर आणत. मगच पहिलं बाळ.

बायका मला मानत. सून पोराला नीट भरवते की नाही, हे सासू सुनेला न विचारता मला विचारी.

एका जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, धुकं दहा वाजले तरी उठत नव्हतं. नामलोंबा नावाची म्हातारी नातवाला, यान्खोला, फडक्यांत गुंडाळून घेऊन आली. पोर दीड वर्षाचं. पाठीवर भावंड आल्याने अंगावरचं दूध तुटलेलं, नुसत्या मक्याच्या पेजेवर. मागच्या महिन्यात माझ्या सुईने दाखवलेलं त्याचं वजन कार्डावरच्या धोक्याच्या लाल रेषेखाली गेलं होतं.

"आगोगो," रांगेतली एक म्हणाली. तिकडे आजीला असंच म्हणतात. "आज तरी नातू आणलास, का नुसतीच फडकी?"

"आधी तुझी जीभ घाल झोळीत," म्हातारी म्हणाली. "सगळ्यांत जड तीच भरेल."

नासिबेकोबाईंनाही हसू आलं. "कापडं राहू देत, आगोगो. गारठा आहे. त्यांचं वजन मी वजा करते."

कापडं वजा करूनही सुई एक किलो वर गेली. बायकांनी आनंदाने किलकाऱ्या केल्या. म्हातारी जागच्या जागी नाचली. कमी वजनाच्या पोरांना मिळणाऱ्या दुधाच्या भुकटीच्या यादीतून यान्खोचं नाव काढून टाकलं गेलं. माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं.

कापडांखाली त्याचे पाय सुजले होते. सकस अन्न मिळालं नाही की अंगात पाणी साठतं. मी ते पाणी तोललं होतं.

बाराव्या दिवशी म्हातारी त्याला पाठीवर बांधून धावत आली. दुपारपर्यंत तो गेला.

ती आंब्याखाली आली. "सिस्टर, तुझा काटा म्हणाला होता, पोर भरतंय."

"काट्याला कुठे डोळे असतात, आगोगो? मला होते."

माझ्या झोळीची सुरकुती म्हातारीने हाताने सरळ केली आणि ती निघून गेली.

पुढे कितीही थंडी असो, नासिबेकोबाई आधी बाळाचे पाय उघडत, अंगठ्याने दाबत, सुजेचा खळगा राहतो का ते थांबून बघत. मगच माझ्याकडे वळत. माझ्या सुईवर त्यांनी पुन्हा कधी नुसता भरवसा ठेवला नाही. मला त्याचा राग आला नाही.

बाई आता नाहीत. मी कोठीत, मोडक्या कुबड्यांवर पडून आहे. झोळी रिकामी असली तरी सुई थोडी वरच थांबते. माझ्या जागी विजेवरचा काटा आलाय. तो ग्रॅमसुद्धा सांगतो. पण पाण्याचं वजन तोही बाळाचंच समजतो. मित्रांनो, आकडा वाचण्याआधी बाळाचे पाय उघडून बघत जा.