पंचेचाळीस पौंडांची रॅकेट

मित्रांनो, माझं अंग लाकडाचं आहे आणि परवापासून तारा भरायच्या यंत्राचं चाक फिरलं की माझ्या अंगाला कापरं भरतं. तशी मी जुनी टेनिसची रॅकेट. पातळ पट्ट्या वाफेवर वाकवून, सरसाने चिकटवून एका सुताराने मला घडवलं आणि देवाच्या दयेने चांगल्या हाती दिलं. तो हात एका खेळाडू बाईचा, दुकानात तिला आत्या म्हणतात. तिच्याबरोबर मी अकरा चषक पाहिले. सामना संपला की ती मला पुसून लाकडी दाबपट्टीत घालायची, म्हणजे मी वाकू नये. पुढे हलक्या, काळ्या रॅकेटी आल्या आणि मी तिच्या भावाच्या दुकानात खुंटीला लागले. तो रॅकेटना तारा भरतो. चोवीस वर्षं झाली, धूळ सोडून कुणी अंगाला हात लावला नाही.

परवा दुपारी आत्या आणि तिची भाची, म्हणजे भावाची मुलगी, दुकानातच जुंपल्या.

"आमच्या वेळच्या बायका आज असत्या ना, तर तुम्हा सगळ्यांना रडवलं असतं."

"आत्या, आमची सर्व्हिस तुम्हा कुणाला दिसलीसुद्धा नसती."

"दिसायला कशाला हवी? मी आवाजावर मारायचे."

"मग होऊन जाऊ दे. मी तुझ्या रॅकेटने खेळते, तू माझ्या."

भाऊ पडला न्यायी माणूस, त्यात लाकडी रॅकेट हाताळून त्याला जमाना झालेला. म्हणाला, "तुलना करायची तर ताण सारखा हवा. दोन्हींना अठ्ठावन्न पौंड."

परमेश्वरा! मला पंचेचाळीस झेपतात. हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. मी तिच्याकडे पाहत राहिले. भाचीसमोर कमीपणा कोण घेणार? ती म्हणाली, "भर. माझी रॅकेट कशालाच हार जायची नाही."

मला यंत्रात आवळलं. पहिली तार ताणली, टक. दुसरी, टक. चौथीला माझा सरस सुटू लागला. मी कण्हले, पण वर वाद रंगात आला होता. सहाव्या तारेला मानेपाशी बारीक चीर गेली. आता दोन तुकडे होणार, या भयाने मी देवाचं नावही विसरले.

"बाबा, थांबा," भाची म्हणाली. "काहीतरी वाजलं."

भावाने हात आखडला. आत्याने चिरेवरून अंगठा फिरवला. तिचा चेहरा उतरला होता.

"तारा काढ, भाऊ. हिला एवढं सोसत नाही. मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?" भाचीने विचारलं. आत्या स्वतःच माझ्या तारा सोडवू लागली.

चिरेत सरस भरून मला परत टांगलं आहे. खेळायला मी आता नाही. मित्रांनो, काल थोर की आज थोर, खुशाल भांडा. त्यात गोडी आहे. पण एकाच्या मापाने दुसऱ्याला ताणू नका. आणि ज्याला दुसऱ्याचं बळ ठाऊक आहे, त्याने वेळेवर तोंड उघडावं. आमच्यासारख्यांना स्वतःहून सांगता येत नाही. आम्ही फक्त तुटतो.