काचेखालचं हिरवं पान

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तेजबाबांनी पडदा सारला, आतल्या निळसर उजेडात मांडलेल्या कुंड्या दिसल्या आणि माणसांनी आपोआप हात जोडले. प्रत्येक कुंडीत एक औषधी रोप, वर आजाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. आठवडाभर रोप या 'तेजोगृहा'त राहायचं आणि पानं लालसर होऊन, करपून बाहेर यायचं. माणसाचा रोग रोपाने ओढून घेतला, असं बाबा सांगत. पान जितकं करपलेलं, तितका माणूस बरा. हिशोब सोपा होता, आणि सोप्या हिशोबाला गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही.

गर्दीत शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई आपल्या दादाचा हात धरून उभ्या होत्या. दादा शिंपी, साखरेचा जुना आजारी. पहिली कुंडी करपून आली त्या दिवशी त्याने इन्शुलिन बंद केलं. आता पायाचा अंगठा चिघळला होता, तरी दादाचं एकच पालुपद, साखर पानात उतरली. मग पानाला मुंग्या कशा लागत नाहीत, असं बाईंनी विचारलं तेव्हा वहिनी हसली, दादा नाही. डॉक्टरांना घरी आणून झालं, रडून झालं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आईवडिलांमागे याच दादाने त्यांना वाढवलं होतं. तो असा डोळ्यांदेखत हातचा जाणार या भीतीने त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

शेवटी त्यांनी वाद सोडला. दादाच्या दुसऱ्या कुंडीतल्या एका पानावर, अर्ध्यापर्यंत, शाळेतली काचपट्टी दोऱ्याने बांधली आणि धूळ बसू नये म्हणून, असं बाबांना नम्रपणे सांगितलं. बाबा प्रसन्न होते. त्यांनी काचेलाही आशीर्वाद दिला.

आज ती कुंडी बाबांनी उंच धरली. ब्रह्मांडातलं तेज, देहातलं विष, वनस्पतीचा त्याग, असं बरंच काही झालं. मग बाईंनी पुढे होऊन दोरा सोडला. उघडं अर्धं पान तपकिरी झालं होतं. काचेखालचं अर्धं हिरवंगार होतं.

"बाबा, रोगाला काच ओलांडता येत नाही का?"

"काचेत अश्रद्धा होती," बाबा म्हणाले.

"पण तिला तुम्हीच आशीर्वाद दिला होता."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी मग सरळ सांगून टाकलं. तेजोगृहातल्या त्या निळसर दिव्यातून अतिनील किरण निघतात. ते बेताचे असले तर रोप स्वतःला वाचवायला लालसर रंगाची द्रव्यं तयार करतं. त्यातली काही आपल्याही उपयोगाची असतात, म्हणून शास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास करतात. मारा जास्त झाला की पान भाजतं. साधी काच हे जाळणारे किरण अडवते. कुंडीवर चिठ्ठी कुणाची आहे, हे मात्र रोपाला ठाऊक नसतं.

आज तेज क्षीण आहे, असं सांगून बाबांनी पडदा ओढला. काही जण तरीही रांगेत उभे राहिले.

दादाने पान हातात घेतलं. हिरव्या आणि तपकिरी रंगांमधल्या रेषेवरून त्याने बोट फिरवलं. कात्रीने कापावी तशी सरळ होती ती. मग तो म्हणाला, "चल, दवाखान्यात जाऊ."

डॉक्टरांनी पाय वाचवला. अंगठा काढावा लागला.

आता दुकानात कुणी नव्या बाबाची गोष्ट काढली की दादा मशीन थांबवतो. "पान दिव्याने करपलं," तो सांगतो, "अंगठा माझ्या भाबडेपणाने गेला. चमत्कार दिसला की आधी तपासा. आणि तपासून होईपर्यंत औषध सोडू नका."