सात दारं आणि एक डोअरकीपर

मामा आठ दिवसांसाठी राहायला आला, त्याला आता तीन महिने झाले होते.

तीस वर्षं तो एका टॉकीजमध्ये डोअरकीपर होता. टॉकीज बंद पडली आणि तिच्या मागच्या अंगाला असलेली त्याची खोलीही गेली. मग एक ट्रंक आणि एक बॅटरी घेऊन तो थोरल्या बहिणीकडे आला. बहिणीने त्याला मुलाच्या खोलीत घातलं. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, ऑफिसाऑफिसांतून प्रिंटर दुरुस्त करत फिरायचा. पण जगातल्या कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असायचं, म्हणून घरात त्याला तज्ज्ञ म्हणत. खोलीत एक पलंग, एक टेबल, एक कॉम्प्युटर, आणि उरलेल्या जागेत तज्ज्ञाची गादी. मामा घोरायचा नाही, हीच मोठी पंचाईत होती. घोरला असता तर आईकडे काहीतरी तक्रार नेता आली असती.

तज्ज्ञाचा जीव अडकला होता कॉम्प्युटरवरच्या एका खेळात. सहा जणांची टोळी जमवायची, पाताळातल्या किल्ल्यात उतरायचं, राक्षस मारत शेवटच्या दरबारात पोचायचं आणि तिथे सोन्याच्या ढिगावर बसलेल्या ड्रॅगनचा निकाल लावायचा. चार वर्षं तज्ज्ञ दरबारात पोचत होता आणि चार वर्षं ड्रॅगन एका फुंकरीत सहाच्या सहा जणांचा कोळसा करत होता. टोळीत अजून दोघं घेता आले असते तर जमलं असतं, असं तज्ज्ञाचं मत होतं.

एका रविवारी दुपारी मामाने विचारलं, मीही खेळून बघू का. तज्ज्ञाच्या डोक्यात ट्यूब पेटली. त्याने आईला साक्षीला बोलावून पैज लावली. मामा जिंकला तर खोली मामाची आणि तज्ज्ञ हॉलमध्ये सोफ्यावर. मामा हरला तर उलट. आई म्हणाली, तुमचं तुम्ही काय ते बघा, पण लवकर उरका, मला इस्त्री करायची आहे. त्या घरात इस्त्री आणि कॉम्प्युटर एकदम लावले की फ्यूज उडायचा, त्यामुळे दोघांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या.

तज्ज्ञाने हळूच खेळाच्या सेटिंगमधली एक खुंटी पिळून ठेवली. एकच जीव. मेला की संपलं, आणि मध्येच वीज गेली तरी मेला असंच धरायचं.

मामाने जादूगार निवडला. का, तर त्याच्या काठीच्या टोकाला उजेड होता. तज्ज्ञाने समजावलं की जादूगार म्हणजे नुसती काडी, कुणी शिंकलं तरी मरतो, त्याला कायम पाच दणकट लोकांच्या मागे उभं करायचं असतं. ते पाच जण पहिल्याच सराईत भेटले. तलवारवाला म्हणाला, मला आत घेऊन चला. मामाने तिकीट विचारलं. तज्ज्ञ म्हणाला की इथे तिकीट नसतं. मामाचा चेहरा कडक झाला. तीस वर्षं त्याने अशीच माणसं पाहिली होती. तिरंदाज बाई म्हणाली, माझे वडील राजाचे सरदार आहेत. मामा म्हणाला, सगळ्यांचेच असतात. मठातला वैद्य म्हणाला, मला देवाने पाठवलंय.

"मॅनेजरने पाठवलंय म्हणणारे रोज दहा यायचे," मामा म्हणाला आणि नकाराचं बटण दाबलं. कुऱ्हाडवाल्या बुटक्याला त्याने हातानेच वाटेला लावलं. पाचवा चोर होता. त्याला तर तोंडच उघडू दिलं नाही.

पाच रिकाम्या चौकटी घेऊन जादूगार एकटा किल्ल्यात उतरला. तज्ज्ञाने घड्याळाकडे बघितलं. त्याच्या अंदाजाने मामाला चार मिनिटं होती.

पहिल्याच दालनात अकरा राक्षस होते. मामा आत गेलाच नाही. त्याने दार लावून घेतलं. मग एक फळी जराशी उघडली. एक राक्षस घुसला. मामाने त्याच्या तोंडावर काठीचा उजेड मारला, तो डोळे झाकून जागीच गोंधळला, तेवढ्यात मामाने दार लावलं आणि एक बारीकशी ठिणगी सोडून त्याला आडवा केला. मग पुन्हा फळी. पुढचा. तज्ज्ञाने तो उजेडाचा मंत्र चार वर्षांत एकदाही वापरला नव्हता. तो भित्र्या लोकांसाठी असतो, असं त्याचं मत होतं.

"तोंडावर बॅटरी मारली की भलाभला गप बसतो," मामा म्हणाला. "आणि गर्दी असं काही नसतंच रे. दार नीट धरलं की एकेक माणूसच असतो."

अकरावा पडला तेव्हा जादूगाराच्या अंगावर ओरखडा नव्हता आणि तज्ज्ञाचं तोंड उघडं होतं.

मग दर रविवारी हेच. सांगाड्यांची एक अख्खी पलटण मामाने जिन्यावर रांगेत उभी केली. एकदा चुकून भलतंच बटण दाबलं आणि तो बैलाएवढ्या कोळ्याबरोबर कोठारात कोंडला गेला. मामाने इंटरव्हल जाहीर केलं आणि चहा प्यायला उठला. तज्ज्ञ मात्र जीव मुठीत धरून पडद्याकडे बघत राहिला. काठीच्या मंद उजेडात कोळी चक्क पेंगला. पुढच्या आठवड्यात तज्ज्ञ प्रिंटरच्या पोटात हात घालून अडकलेला गठ्ठा ओढत होता, तो मध्येच थांबला आणि एकेक कागद सोडवायला लागला.

सहाव्या रविवारी मामा दरबाराशी पोचला, आणि तज्ज्ञाला सोफा आठवला. सोफा साडेचार फूट लांब होता. तज्ज्ञ पावणेसहा.

तो पाणी प्यायच्या निमित्ताने हॉलमध्ये आला. टेबलावर इस्त्री होती, पिन बोर्डात खोचलेली होती, आई गच्चीवर कपडे काढायला गेली होती. त्याने बटणावर बोट ठेवलं. नुसतं खाली ढकलायचं. मग वाटलं, मरायच्या आधी मामाने काय गाढवपणा केलाय तेवढा बघून घेऊ. तो खोलीच्या दाराशी आला.

मामा दरबारात शिरलाच नव्हता. तो बाहेरच्या बोळातून गोल फिरत होता. दरबाराला सात दारं होती. तज्ज्ञ चार वर्षं पहिल्या दारातून आत घुसून मरत आला होता. बाकीची सहा भिंतीवरची नक्षी आहे, असं त्याचं मत होतं. मामाने पहिलं उघडून ठेवलंच होतं. दुसरं उघडलं. आतून आगीचा लोळ आला. जादूगार फळीच्या मागे. लोळ विझला, जादूगाराने दम खाल्ला, तिसऱ्याकडे निघाला. चौथ्या दाराला त्याची दाढी जळाली.

"मामा, हे काय करतोयस?" तज्ज्ञाने विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

"शो कधीच संपलाय रे. कुणी दारंच उघडली नाहीत. बिचारा बसून राहिलाय."

तज्ज्ञाने हॉलमध्ये धावत जाऊन इस्त्रीची पिन उपटली आणि हातात घट्ट धरून खोलीच्या दारात आडवा उभा राहिला. आई कपडे घेऊन आली आणि पिन मागू लागली. तो म्हणाला, पाच मिनिटं. ती म्हणाली, तुझेच शर्ट आहेत. तो म्हणाला, मी चुरगळलेले घालीन. आईने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

सातवं दार उघडलं. जादूगार त्याच्या बाजूला उभा राहिला आणि अंगात उरलेली सगळी शक्ती लावून त्याने दरबारात उजेड केला.

ड्रॅगनने डोकं उचललं. तज्ज्ञाने आजवर त्याचा जबडाच पाहिला होता. आता तो उभा राहिला, आणि उभा राहतच गेला. पंख उलगडले तशा अंगावरून मोहरा ओघळल्या. उजेडाने डोळे मिचकावत, खेळ सुटल्यावर माणसं निघतात तसा कुणाकडेही न बघता तो सावकाश चालत आला. काडीएवढ्या जादूगारासमोरून जाताना त्याने मान जराशी वाकवली आणि सातव्या दारातून बाहेर झेप घेतली. पडदाभर पहाट झाली. या खेळात आभाळ आहे, हे तज्ज्ञाला चार वर्षांत कळलं नव्हतं.

खाली अक्षरं उमटली, राज्य मुक्त झालं. तज्ज्ञाची मूठ सैल झाली. आईने पिन काढून घेतली, बोर्डात खोचली आणि बटण दाबलं.

टप्प.

संध्याकाळ झालीच होती. घरभर काळोख. पडदा काळा. जिंकल्याची नोंद व्हायच्या आतच वीज गेली होती. उद्या कॉम्प्युटर लावला की तो स्वतःच सांगणार होता, जादूगार मेला. खुंटी तशीच पिळलेली होती, आणि पिळणाऱ्यालाच फक्त ते माहीत होतं.

"काय झालं रे शेवटी?" आईने हॉलमधून विचारलं. "कोण हरलं?"

मामा ट्रंकेत काहीतरी चाचपत होता. तज्ज्ञाने काळ्या पडद्याकडे बघितलं. तिथे त्याला अजून ते आभाळ दिसत होतं.

"मी," तो म्हणाला, आणि गादीची गुंडाळी उचलली.

हॉलमध्ये काही दिसत नव्हतं. तो उंबऱ्याशी अडखळला, तेवढ्यात मागून उजेडाचं एक गोल वर्तुळ त्याच्या पायाशी पडलं. ते फरशीवरून हळूहळू पुढे सरकलं आणि सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यावर जाऊन थांबलं.

"पायरी आहे," मागून मामा म्हणाला. "जपून."

हॉलमध्ये पायरी नव्हती. तज्ज्ञाने तरी पाय नीट उचलून टाकला.