मिरचीचा खोकला

मी नवीन जालन्यातल्या एका बियाण्याच्या गोदामाचा दरवाजा बोलतोय. मोठ्या लोखंडी गेटातला छोटा दरवाजा, वाकून आत यायचा. ट्रकसाठी गेट उघडतं, कामाच्या माणसांसाठी मी.

वेल्डरनं मला बसवलं तेव्हापासून माझी कडी कारभारीच्या हातात आहे. कारभारी इथला वॉचमन, हसनाबादचा. येणाऱ्या-जाणाऱ्याची थट्टा केल्याशिवाय त्याचा दिवस जात न्हाई.

मिरचीचं बी निवडायला घेतलं की इथं सगळेच खोकतात. तिखट धूळ नाकातोंडात जाते. म्हणून कोरोनाच्या साली साळूबाई खोकत आली, तेव्हा कारभारीनं हसून विचारलं, मिरची लागली काय मावशे? आणि कडी काढली. मीबी मुकाट उघडलो. महिन्याच्या आत साळूबाई गेली. तिच्या शेजारी बसून बी निवडणारा अप्पारावही गेला. धडधाकट माणूस होता हो.

पुढच्या साली लस आली अन् गोदामाच्या शेठनं नियम काढला, लस घेतली त्यानंच आत यायचं. शेठचं चुकलं असं मला म्हणवत न्हाई. अप्पारावच्या घरी भेटायला निघाला, तेव्हा माझ्यातून वाकायचंच विसरला, कपाळ आपटून घेतलं.

पण बी निवडणारी मैमूना बाहेर राहिली. तिची लेक अंगावर पीत होती. सुईनं ताप आला तर दूध आटेल, ही भीती तिच्या मनात कुणीतरी घातली होती. पोरगी वरचं खायला लागेपर्यंत थांबा, मंग घेते, एवढंच तिचं मागणं.

शेठ म्हणाला, "लसीची जबरदस्ती नाही, बाई. पण आत यायचं तर घ्यावी लागेल."

"मंग जबरदस्ती कशाला म्हणत्यात, शेठ?"

शेठनं कारभारीकडं पाहिलं, कारभारीनं कडी लावली. मैमूना माझ्या पत्र्यावर हात टेकून बराच वेळ उभी होती. पोरगी खायला लागल्यावर तिनं लस घेतली, बराबर परत आली. तोवर तिच्या जागेवर दुसरी बाई बसली होती.

साळूबाईला उघडलो, तिथं चुकलो. मैमूनाला मिटलो, तिथंबी चुकलो. कडी माझ्या हातात नव्हती म्हणून सुटका होत न्हाई. माणसं माझ्यातूनच आत गेली, माझ्याच बाहेर उभी राहिली.

आता लसीचं कुणी विचारत न्हाई. मैमूना पुढच्या खानावळीत भाकरी थापते, रोज माझ्यासमोरून जाते. काल आत मिरचीचं बी पाखडणं चालू होतं. वाऱ्यानं धूळ रस्त्यावर गेली अन् ती खोकली. कारभारीचा हात आपसूक माझी कडी लावायला गेला.

तिनं ते पाहिलं. ओढणी तोंडाला लावली अन् चालायला लागली. कारभारीनं दिवसभर कुणाची थट्टा केली न्हाई.

आज सकाळी तो तेलाचा डबा घेऊन आलाय. मी फार करकरतो म्हणे. कारभारी, एवढं ऐक, तेल घालू नको. कडीवर हात ठेवणाऱ्याला माझा आवाज ऐकू आला पाहिजे.