हिल्काची गाडी रविवारीच का रुसते

कोइवुलाहतीच्या पंचक्रोशीत ताउनो मेकॅनिकला दाद दिली नाही अशी गाडी नव्हती. हिल्काच्या गाडीची तऱ्हा मात्र वेगळी. आठवडाभर ती गुमान चालायची, आणि रविवारी दुपारी, तळ्याकाठच्या नाचाच्या मंडपाबाहेर, किल्ली फिरवली की ढिम्म. हिल्का फोन करायची. ताउनो धावत यायचा, तिला बाजूला करून स्वतः बसायचा, आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू.

त्याने बॅटरी बदलली, वायरी तपासल्या, स्टार्टर खोलून पाहिला. गावाने यथेच्छ चेष्टा केली. खरं सांगायचं तर ताउनोला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एकट्याने नाचाला जायचं या बहाद्दराला धाडस होत नव्हतं, आणि हिल्काला भेटायला दुसरं निमित्त नव्हतं.

पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं ते त्याला पाचव्या रविवारी सुचलं. त्याने तिलाच किल्ली फिरवायला सांगितलं आणि खाली वाकून पाहिलं. क्लच पार तळाला टेकल्याशिवाय ही गाडी सुरूच होत नसे. हिल्का बुटकी. एरवी, अगदी नाचाला येतानाही, तिच्या पायात जाड तळाचे रबरी बूट असत; मंडपाशी आल्यावर ती ते बदलायची. नाचाच्या पातळ बुटांत पाय दोन बोटं कमी पडत होता.

दोष सापडला आणि ताउनोचा चेहरा उतरला. गप्प बसलं असतं तर पुढचा रविवार पक्का होता. पण गाडीच्या बाबतीत खोटं बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. त्याने सगळं सांगून टाकलं आणि सीट दोन खाचा पुढे सरकवून दिली. गाडी सुरू झाली.

हिल्काने ती लगेच बंद केली. "म्हणजे आता तू यायचा नाहीस."

"काम संपलं ना गाडीचं," ताउनो पुटपुटला.

"गाडीचं विचारलंय कुणी?"

तेवढ्यात मंडपातून पुकारा झाला, की पुढच्या टँगोला जोडीदार बायकांनी निवडायचा. हिल्का खाली उतरली आणि तिने त्याचा ग्रीसने माखलेला हात धरला.

"तुझे ते जड बूट काढ आधी. माझे पाय मला हवेत."

ताउनोने बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. हिल्काने तो पाहिला, पण हात काही सोडला नाही.